हरवलेल्या एल्मचं कलम

एडिंबराच्या होलीरूड राजवाड्याच्या बागेत तीसेक मीटर उंचीचे दोन एल्म वृक्ष वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर उभे होते. २०१६मध्ये तिथल्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या तज्ज्ञानं ते नीट पाहिले, तेव्हा ब्रिटनमधून नामशेष मानलेली ‘वेंटवर्थ’ जात सापडली. झुकत्या फांद्या, मोठी तकतकीत पानं. १९०२मध्ये जर्मनीहून या जातीची तीन रोपं गार्डनमध्ये आली होती. त्यातलं एक झाड १९९६मध्ये डच एल्म रोगानं गेलं. हे दोन बहुधा बाकीचे.

(आपला वावळ एल्मच्याच कुळातला. त्याची चपटी, पंखवाली फळं पाहिली असतील तर एल्मचीही ओळखू येतील.)

कोय पेरून हापूस मिळत नाही, तसाच बियांतून वेंटवर्थ मिळत नाही. वाचवायचा तर कलमच.

आधी कलमासाठीची काडी तपासायची. डच एल्म रोगाची बुरशी सालीतल्या भुंगेऱ्यांच्या अंगावरून येते. भुंगेरे डहाळ्यांच्या बेचक्यात साल कुरतडतात, बुरशी पाणी वाहणाऱ्या नळ्यांत शिरते. तिला अडवायला झाड त्याच नळ्या बुजवतं आणि तहानेनं मरतं. डहाळी आडवी कापली की बाहेरच्या वलयात तपकिरी ठिपके दिसतात, साल सोलली की तपकिरी रेघा. अशी काडी घेऊ नये.

काडी पानगळीनंतर, जानेवारी-फेब्रुवारीत काढतात: गेल्या हंगामातली, पेन्सिलीएवढी जाड, १५ ते २० सेंमी. खुंट, म्हणजे ज्यावर काडी बांधायची ते मुळासकट रोप, विच एल्म या एल्मच्याच प्रकाराचा, कारण तो मुळांतून सहसा फुटवे काढत नाही. इतर खुंट फुटवे काढतात आणि तिथेच हमखास फसगत होते: जुनं कलमी झाड मेलं, बुंध्याशी फुटवा आला, ‘जात वाचली’ म्हणून जपला, तर तो निघतो खुंटाचा! फुटवा कलमाच्या जोडाच्या वरून आलाय का, हे माती उकरून पाहावं.

जून-जुलैत कोवळ्या फांदीच्या १० सेंमी छाटांना आयबीए (मुळं फोडणारं संप्रेरक) लावून, धुक्यासारख्या फवाऱ्याखाली मुळं फोडता येतात. पण म्हाताऱ्या झाडाची छाट सहज मुळं धरत नाही. म्हणून आधी कलम करावं, ते जोमानं वाढलं की त्याच्या नव्या फुटीच्या छाटा घ्याव्यात.

यातली काही रोपं कुंपणासारखी छाटून दोन-तीन मीटरवर ठेवावीत. भुंगेरे सहसा उंच, जाड फांद्यांच्या झाडांकडे वळतात, त्यामुळे उद्यासाठी काड्या तिथे मिळतात.