प्लेअर घेण्याआधी बघा: तुमची गाणी नेमकी कुठे आहेत?

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या आमच्या काउंटरवर एक प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. दोन दिवसांपूर्वी घेतलेला कोरा प्लेअर घेऊन गिऱ्हाईक परत येतं आणि म्हणतं, "यात माझी गाणी जातच नाहीत. पीस खराब आहे, बदलून द्या." आम्ही आमचं कार्ड घालून गाणं लावून दाखवतो. प्लेअर ठणठणीत असतो. मग फोन बघायला मागतो आणि कारण सापडतं. सगळी गाणी स्पॉटिफाय, जिओसावन, गाना अशा एखाद्या ॲपमध्ये डाउनलोड केलेली असतात, आणि ती त्या ॲपच्या बाहेर निघत नाहीत.

यात तुमचा वेळ जातो, हेलपाटा पडतो, आणि वापरलेला प्लेअर आम्हाला नवा म्हणून पुन्हा विकता येत नाही. म्हणून हे पत्रक. बाकी काही वाचलं नाही तरी पुढचे दोन परिच्छेद नक्की वाचा.

ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणं तुमच्या फोनमध्ये येतं हे खरं, पण ते कुलूप लावून येतं. फाइल सांकेतिक रूपात साठवलेली असते आणि तिची किल्ली फक्त त्या ॲपकडे असते. वर्गणी थांबली की गाणं बंद होतं. स्पॉटिफायमध्ये तर डाउनलोड चालू ठेवायला ३० दिवसांतून एकदा तरी नेटला जोडावंच लागतं. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकासारखं आहे हे: घरात असतं, पण आपलं नसतं. याउलट विकत घेतलेली एमपी३ किंवा फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता जागा वाचवणारी) फाइल, स्वतःच्या सीडीवरून कॉम्प्युटरवर उतरवलेलं गाणं, घरच्या मैफलीचं रेकॉर्डिंग या गोष्टी तुमच्या. ती फाइल चालणाऱ्या कुठल्याही प्लेअरवर हलवा, वाजवा.

ओळखायचं कसं? फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि एक गाणं कॉम्प्युटरवर कॉपी करून बघा. मग नेट बंद करून ते कॉम्प्युटरच्या साध्या प्लेअरमध्ये लावा. वाजलं तर गाणं तुमचं. फाइल सापडलीच नाही, किंवा सापडून वाजली नाही, तर गाणं ॲपचं. पाच मिनिटांचं काम आहे, ते घरी करूनच या.

मग कुठला प्लेअर घ्यायचा?

म्हणूनच आम्ही "बजेट किती?" हे नंतर विचारतो. आधी विचारतो, "गाणी कुठे आहेत, आणि ऐकणार कोण?"

गाणी सगळी ॲपमध्येच असतील, तर साधा प्लेअर तुमच्या उपयोगाचा नाही. तुम्हाला ॲन्ड्रॉइडवर चालणारा, वायफायचा प्लेअर लागेल. सोनीचा वॉकमन एनडब्ल्यू-ए३०६ या जातीतला आहे, फिओ आणि हायबी या कंपन्यांचेही आहेत. त्यात तेच ॲप टाकायचं, स्वतःच्या खात्याने उघडायचं आणि त्या प्लेअरवर नव्याने डाउनलोड करायचं. हे प्लेअर महाग आहेत. नेटवरून गाणी चालवली तर बॅटरी लवकर उतरते, आणि ॲन्ड्रॉइड जुनं झालं की काही वर्षांनी ॲप त्यावर चालेनासं होऊ शकतं. घेताना ॲन्ड्रॉइड कितवं आहे ते विचारा. आम्ही न विचारता सांगतोच. आणि गाणी ॲपमध्ये, कानाला साधे ब्लूटूथ इअरबड, फोन कायम खिशात, असं असेल तर वेगळ्या प्लेअरची गरज नाही. हे आम्ही काउंटरवरही सांगतो. अशी सांगून परत पाठवलेली माणसं पुढे हेडफोन घ्यायला आमच्याकडेच येतात.

गाणी तुमच्या मालकीची असतील तर निवड मोठी आहे आणि खर्च पुष्कळ कमी. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना, वारीला निघालेल्यांना, अभ्यासिकेत फोन नको असलेल्या मुलांना बटणांचा छोटा प्लेअर पुरतो. वयस्क माणसांसाठी तर बटणंच हवीत. टचस्क्रीनवर ओला किंवा थरथरता हात नीट चालत नाही, आणि खिशातल्या खिशात गाणं पुढे सरकवायचं तर बोटाला बटण लागावं लागतं. आईवडिलांसाठी प्लेअर घेणार असाल तर शक्यतो त्यांना घेऊन या. दहा मिनिटं त्यांच्याच हातात देऊन बघू. चकचकीत पडदा मुलांना आवडतो आणि वापरणाऱ्याला त्रास होतो, हे आम्ही फार वेळा पाहिलं आहे.

'आयपॉडच पाहिजे' म्हणणारी मंडळी अजून येतात, आणि आम्हाला ती ओढ कळते. २००१ साली आलेल्या पहिल्या आयपॉडच्या ५ जीबीत हजार गाणी मावायची, तेव्हा तो चमत्कार वाटायचा. पण ॲपलने मे २०२२ मध्ये आयपॉड बंद केला. आता 'नवा, सीलबंद' म्हणून जो मिळतो तो जुना साठा असतो किंवा दुरुस्त करून पुन्हा बांधलेला. पडून राहिलेल्या बॅटरीची हमी आम्ही देऊ शकत नाही, म्हणून ठेवत नाही.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी

या गिऱ्हाइकांवर आमचा विशेष जीव आहे, आणि त्यांची एक अडचण दुसरीकडे कोणी समजावून सांगत नाही. विलंबित ख्याल संपून द्रुत बंदिश सुरू होते. लय बदलते, पण तानपुरा अखंड चालू असतो. सीडीवर मात्र या दोन भागांचे पुष्कळदा दोन वेगळे ट्रॅक केलेले असतात. साध्या प्लेअरवर एकातून दुसऱ्यात जाताना तानपुरा क्षणभर तुटतो, आणि ज्याचा कान तयार आहे त्याला तेवढा क्षण पुरे होतो. कारण असं, की एमपी३ बनवताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी किंचित शांतता आपोआप भरली जाते, आणि साधा प्लेअर पुढची फाइल उघडायला वेळही घेतो. ज्या प्लेअरला 'गॅपलेस', म्हणजे दोन ट्रॅक खंड न पाडता सलग वाजवणं जमतं तो हा सांधा दिसू देत नाही. फ्लॅकमध्ये ती भरलेली शांतताही नसते. आमच्याकडे काउंटरवर असा एक जोडट्रॅक ठेवलेला आहे. कुठलाही प्लेअर त्यावर ऐकून घ्या, मग ठरवा.

फ्लॅक घ्यावं का, हेही विचारतात. सीडीवरचा आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेतो. फ्लॅक त्यातलं काहीही न गाळता जागा जवळपास निम्मी करतं. ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिटची) एमपी३ मिनिटाला साधारण २.४ एमबी घेते, १२८ची सुमारे १ एमबी. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात ३२०ची गाणी दोनशे तासांहून जास्त मावतात, फ्लॅक साधारण नव्वद तास. आपली सीडी उतरवताना फ्लॅक करा, कारण पुन्हा उतरवायची वेळ येऊ नये. पण हातात १२८ची एमपी३ असेल तर तिचं ३२० किंवा फ्लॅक करून काही मिळत नाही. चाळणीतून गेलेलं पीठ परत वर येत नाही, नुसती जागा वाढते. आणि फ्लॅक गाणी साध्या ब्लूटूथवर ऐकली तर वाटेत ती पुन्हा आवळली जातात, म्हणून घरी ऐकताना वायरचा हेडफोन लावा.

'गाणी भरून द्या ना'

नाही देत. यावरून गिऱ्हाइकं नाराज होतात. शेजारी कार्डात हजार गाणी भरून मिळतात, मग तुम्हाला काय होतं, असं म्हणतात. १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार नेटवरून उतरवलेली गाणी हक्कदारांच्या परवानगीशिवाय कार्डात भरून विकणं गुन्हा आहे. जुनी गाणी चालतील, असाही एक समज आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, पण शब्द आणि चाल यांच्यावरचा हक्क गीतकार-संगीतकारांच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे गाणं जुनं झालं म्हणून मोकळं झालं असं होत नाही. ज्यांच्या गाण्यांवर आमचं दुकान चालतं, त्यांचाच हक्क बुडवायचा हे आम्हाला पटत नाही. शिवाय अशा भरून आणलेल्या कार्डात तेच गाणं चार नावांनी, अर्धवट कापलेलं, मध्येच जाहिरात असलेलं निघतं, आणि तक्रार प्लेअरची म्हणून आमच्याकडे येते.

आम्ही करतो ते हे: तुमच्या मालकीच्या सीडी फ्लॅक आणि एमपी३ अशा दोन्ही रूपांत उतरवून, नावं घालून देतो. कॅसेटही उतरवतो. कॅसेटला वेळ लागतो याबद्दल कृपया घाई करू नका. ६० मिनिटांची कॅसेट ६० मिनिटं वाजवावीच लागते, ९०ची ९० मिनिटं. वर फीत चिकटली असेल तर आधी हाताने मोकळी करावी लागते. घरातल्या माणसांचे आवाज असलेल्या कॅसेट आम्ही एकावेळी एकच लावतो आणि माणूस समोर बसलेला असतो. त्याचे पैसे थोडे जास्त पडतात.

क्रम आणि नावं

हरिपाठ, प्रवचनं, पारायणाचे अध्याय ऐकणाऱ्यांची तक्रार ठरलेली: "पहिल्यानंतर एकदम दहावा लागतो." प्लेअर आकडा वाचत नाही, अक्षरं वाचतो, म्हणून १ नंतर १०, ११ आणि मग २. नावाआधी ०१, ०२, ०३ असं लिहिलं की प्रश्न संपतो. काही स्वस्त प्लेअर तर कार्डावर ज्या क्रमाने फाइली गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. त्यांच्यासाठी एकेक फाइल क्रमाने कॉपी करा. देवनागरीतली नावं पुष्कळ छोट्या प्लेअरवर चौकोन होऊन दिसतात, तिथे नाव रोमन लिपीत ठेवा. लांब प्रवचन ऐकत असाल तर थांबवलं तिथूनच पुढे सुरू होतं का, हे घेतानाच बंद करून, पुन्हा चालू करून बघा. दीड तासाच्या प्रवचनात पहिल्यापासून सुरुवात करावी लागली तर माणूस प्लेअर कपाटात टाकतो.

कार्ड आणि केबल

३२ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर २९.८ दाखवतं. ते खोटं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. खोटी कार्डं वेगळी: छापलेलं असतं ५१२ जीबी, आत जागा असते फार थोडी, आणि ती भरली की पुढची गाणी बिघडतात. आम्ही प्रत्येक कार्ड पूर्ण भरून तपासूनच विकतो, त्यामुळे आमचं कार्ड बाजारापेक्षा थोडं महाग आहे. ६४ जीबी आणि त्यापुढची कार्डं कारखान्यातून एक्सफॅट या फाइली साठवायच्या पद्धतीने येतात आणि पुष्कळ छोटे प्लेअर ती ओळखत नाहीत. त्यांना फॅट३२ ही जुनी पद्धत लागते. आमच्याकडून कार्ड घेतलं तर तुमच्या प्लेअरप्रमाणे फॉरमॅट करून देतो, त्याचे पैसे नाहीत.

कॉम्प्युटर प्लेअर ओळखत नसेल तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. आणि कॉपी झाल्यावर 'इजेक्ट' करूनच केबल काढा.

येताना फोन, सध्याचे हेडफोन आणि तुमची दोन-चार आवडती गाणी पेन ड्राइव्हवर आणा. कॅसेट असतील तर त्या आधी द्या. आषाढी वारीच्या आधीचे पंधरा दिवस दुकानात गर्दी असते, तेव्हा नवी कॅसेट घेत नाही. त्यापूर्वी दिलेल्या कॅसेट पालखी पुण्यात पोचायच्या आत हातात मिळतील.