पॅनिक अटॅक आला तर : घरी न्यायची माहिती

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत आम्ही जे सांगतो त्यातलं निम्मं घरी पोहोचेपर्यंत डोक्यातून निघून जातं. त्यात तुमची काही चूक नाही. जीव घाबरलेला असताना कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून हे माहितीपत्रक. एकदा निवांत असताना सावकाश वाचा, आणि 'अटॅक चालू असताना' या भागाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आधी डॉक्टर, मग आम्ही

पॅनिक अटॅक म्हणजे अचानक उसळून येणारी तीव्र भीती. त्यातली छातीत दुखणं, धाप, घाम ही लक्षणं हृदयविकारातही असतात. त्यामुळे असा त्रास पहिल्यांदाच झाला असेल तर 'पॅनिकच असणार' असं परस्पर ठरवू नका. दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल, चालताना-चढताना वाढत असेल, शुद्ध हरपली असेल, तर वाचत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा. थायरॉइड जास्त काम करत असेल, रक्तातली साखर उतरली असेल, हिमोग्लोबिन कमी असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, तरीही असंच वाटू शकतं. या तपासण्या एकदा नीट करून घ्या. आणि डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हटलं की दर महिन्याला ईसीजी काढत बसू नका. असं का म्हणतोय, ते पुढे येईलच.

रिपोर्ट नॉर्मल, मग हे काय होतं?

नॉर्मल ईसीजी हातात घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा खूश नसतो. 'म्हणजे मी नाटक करतो का?' हा त्याचा पहिला प्रश्न. घरातल्या कुणीतरी तसं बोललेलंही असतं.

नाटक नाही. ठोके खरंच वाढलेले असतात, घाम खरंच येतो, हात खरंच गार पडतात. जेकब द कोस्टा या अमेरिकन डॉक्टरांनी 1871 मध्ये यादवी युद्धातल्या सैनिकांच्या अशाच तक्रारी लिहून ठेवल्या आहेत: धडधड, छातीत दुखणं, धाप, आणि तपासलं तर बऱ्याच जणांच्या हृदयात दोष सापडत नाही. पॅनिकच्या विकाराला अमेरिकेच्या अधिकृत निदान-पुस्तिकेत स्वतंत्र नाव मिळायला मात्र 1980 साल उजाडलं. मधली शंभरेक वर्षं या माणसांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याचा अंदाज तुम्हाला आहेच.

होतं असं. समोर संकट दिसलं की शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होतं. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने 1915 च्या सुमारास ही प्रक्रिया मांडली. अॅड्रेनलीन हे संप्रेरक रक्तात सुटतं, हृदय जोरात पंप करतं, रक्त त्वचेकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून हातपाय गार पडतात, तापणारं अंग थंड ठेवायला घाम सुटतो, पचन मंदावतं म्हणून तोंड कोरडं आणि पोटात खड्डा. समोर वाघ असता तर यातली एकही गोष्ट तुम्हाला विचित्र वाटली नसती. पॅनिक अटॅकमध्ये वाघ नसतो, पण तयारी पूर्ण होते.

मुंग्या आणि चक्कर यांची गोष्ट थोडी वेगळी. घाबरल्यावर आपण भराभर आणि मोठे श्वास घेतो. त्यामुळे शरीर जेवढा कार्बन डायऑक्साइड तयार करतं त्यापेक्षा जास्त बाहेर टाकला जातो. रक्तातलं त्याचं प्रमाण घसरलं की मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आवळतात, डोकं हलकं होतं, आजूबाजूचं जग खोटं, काचेपलीकडचं वाटायला लागतं. ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. गंमत अशी, की प्राणवायू भरपूर असतो आणि माणसाला वाटतं आपण गुदमरतोय. म्हणून तो आणखी जोरात श्वास ओढतो.

हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही. म्हणून आम्ही खुर्चीत बसवून एक मिनिट जोरजोरात श्वास घ्यायला लावतो. तिसाव्या-चाळिसाव्या सेकंदाला समोरचा माणूस स्वतःच्या बोटांकडे बघायला लागतो, एकमेकांवर घासून पाहतो, आणि मग थांबून म्हणतो, 'हेच! त्या दिवशी हेच झालं होतं!' जो त्रास कुठून येतो कळत नव्हतं तो आपणच, बसल्या जागी, एका मिनिटात आणू शकतो, हे कळल्यावर चेहऱ्यात पडणारा फरक बघण्यासारखा असतो. (घरी एकट्याने करू नका. दमा, हृदयविकार, फिट येणं, गरोदरपण असेल तर आमच्याकडेही करत नाही.)

आणि 'मी चक्कर येऊन पडेन' या धास्तीबद्दल: बेशुद्ध पडायला रक्तदाब घसरावा लागतो, पॅनिकमध्ये तो सहसा वाढलेला असतो. पडेन पडेन वाटतं, पडणं फार क्वचित घडतं. रक्त किंवा सुई बघून ज्यांना भोवळ येते त्यांचा प्रकार निराळा, त्यांनी आम्हाला तसं जरूर सांगावं.

खरी अडचण दुसऱ्या भीतीची

पहिली भीती शरीराची, ती आपोआप येते. दुसरी आपण जोडतो: 'हार्ट अटॅकच आहे', 'मला वेड लागणार', 'सगळ्यांसमोर फजिती होणार'. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये हे चक्र नेमकं मांडलं. साधा ठोका चुकला, त्याचा भयंकर अर्थ लावला, त्या अर्थाने आणखी अॅड्रेनलीन सुटलं, ठोके आणखी वाढले, म्हणजे आपला अंदाज बरोबरच होता! आपल्याकडे हेच चार शब्दांत सांगतात, मन चिंती ते वैरी न चिंती.

'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण मात्र आम्हाला आवडत नाही, कारण ती टोमणा म्हणूनच वापरली जाते. पण तिच्यात एक गोष्ट अचूक आहे. राक्षस पळणाऱ्याच्या पाठी लागतो.

म्हणून या पत्रकातला कुठलाही उपाय अटॅक बंद पाडण्यासाठी नाही. अटॅक आपल्या पायाने आला आहे, आपल्या पायाने जाईल. आपण त्याला खतपाणी घालायचं नाही, एवढंच काम.

अटॅक चालू असताना

जिथे आहात तिथेच थांबा. गाडी चालवत असाल तर अर्थातच बाजूला घ्या. नाहीतर दार, खिडकी, गच्ची यांच्याकडे धावू नका.

घड्याळ बघा आणि वेळ लक्षात ठेवा. बहुतेक अटॅक दहाएक मिनिटांत शिगेला पोहोचतात आणि अर्ध्या तासाच्या आत ओसरतात. अॅड्रेनलीनचा तो जोर शरीर तासन्‌तास धरून ठेवू शकत नाही. नंतर अंग गळून जातं, रडू येतं, झोप येते. तेही ठीकच.

मनात एक वाक्य म्हणा, स्वतःच्या भाषेतलं. आमच्याकडे येणाऱ्या एका बाईंचं वाक्य होतं, 'आलास का? बस.' पाहुण्याला म्हणावं तसं. 'काही होत नाहीये' असं म्हणू नका; होतंय, आणि तुम्हाला ते माहीत आहे. खोट्या वाक्याला मन भीक घालत नाही.

श्वास सोडण्यापासून सुरुवात करा. 'खोल श्वास घे' हा सल्ला सगळे देतात आणि तो नेमका उलटा पडतो, कारण छाती आधीच भरलेली असते. तोंडाने फुंकर घातल्यासारखा हळूच श्वास सोडा. मग नाकाने, पोट पुढे येईल असा, चार अंक मोजत आत. सहा अंक मोजत बाहेर. एक अंक म्हणजे साधारण एक सेकंद. म्हणजे दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. मोठा घ्यायची गरज नाही, हळू घ्यायचा. सहापर्यंत जमत नसेल तर तीन आत, चार बाहेर. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. खरा त्रास फुप्फुसाचा किंवा हृदयाचा असला तर तो जिवावर बेतू शकतो.

लक्ष बाहेर वळवा. पाच गोष्टी बघा, चारांना स्पर्श करा, तीन आवाज ऐका, असा एक प्रकार तुम्ही ऐकला असेल. चालतो. पण अटॅकमध्ये हिशेब चुकतो आणि त्याचीच काळजी लागते, असा आमचा अनुभव. त्यापेक्षा एकच वस्तू धरा. शर्टाचं बटण घ्या: भोकं किती, दोन की चार? दोरा कुठल्या रंगाचा? टाके समांतर आहेत की फुलीसारखे? कड कुठे झिजलीय? बटणात रस संपला तर चपलेचा पट्टा आहेच.

धडधड तरीही सुरू राहिली तर? राहू द्या. 'सहा श्वास घेतले तरी थांबलं नाही' ही तक्रार आम्ही रोज ऐकतो. श्वासाचाच दोरखंड करून लोंबकळायला लागलात तर तोही पळण्याचाच प्रकार झाला.

कुबड्या

दाराजवळची खुर्ची. खिशातली गोळी, कधीच न घेतलेली. सोबत कुणीतरी हवंच. रोजची नाडीमोजणी, आणि मघाशी म्हटलेला महिन्याचा ईसीजी. यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि मन धडा घेतं की वाचलो ते या कुबडीमुळे.

एक गृहस्थ पाण्याच्या बाटलीशिवाय बाहेर पडत नसत. आम्ही त्यांना बाटली सोडायला सांगितलं नाही. एक आठवडा रिकामी न्या म्हटलं. नेली. काही झालं नाही. 'मग पाण्याचं काम तरी काय होतं?' हा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला, आणि दोन आठवड्यांनी बाटली घरी राहिली.

टाळाटाळ ही सगळ्यात मोठी कुबडी. आधी लिफ्ट सुटते, मग गर्दी, मग पूल, आणि शेवटी घराचा कोपरा तेवढा सुरक्षित उरतो. परत यायचं ते पायरीपायरीने. लिफ्टचं उदाहरण घ्या: आधी दार उघडं ठेवून नुसतं आत उभं राहणं, मग कुणासोबत एक मजला, मग एकट्याने एक, मग चार. प्रत्येक पायरीवर भीती शिगेला असताना बाहेर पडू नका. ती जराशी तरी उतरेपर्यंत थांबा. आणि एकदा जमलं म्हणून सोडून देऊ नका, आठवड्यातून तीन-चारदा करा. कंटाळा येईपर्यंत करा. लिफ्टचा कंटाळा येणं ही आमच्या दृष्टीने फार चांगली बातमी.

रोजचं

श्वासाचा सराव अटॅक नसताना करा, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं. बुडताना पोहायला शिकता येत नाही. ज्यांचं अंग कायम आखडलेलं असतं त्यांना एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांची पद्धत लागू पडते: एकेका भागाचे स्नायू पाच-सात सेकंद आवळायचे आणि एकदम सैल सोडायचे, मुठीपासून कपाळापर्यंत.

चहा-कॉफी आणि एनर्जी ड्रिंक कमी करून बघा. कॅफिनने ठोके वाढतात आणि चक्राला आयतं निमित्त मिळतं. दारूने रात्री बरं वाटतं, पण सकाळी उतरताना धडधड हमखास. झोपेतूनही अटॅक येऊन जाग येऊ शकते, त्याला स्वप्न पडलेलं असावंच लागतं असं नाही. उपाय तेच. डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करू नका, विशेषतः झोपेची किंवा शांत करणारी. ती अचानक थांबवली की त्याच लक्षणांचा लोंढा येतो.

घरच्यांसाठी दोन ओळी

'घाबरू नकोस' म्हणू नका, भोवती गराडा घालू नका, वारा घालत पळापळ करू नका. शेजारी बसा, हळू बोला, 'मी इथेच आहे' एवढं पुरे. लगेच उचलून घरी नेण्याची घाई नको.

एवढ्याने भागत नसेल तर

पुढच्या अटॅकच्या धास्तीत महिना गेला असेल, कामं किंवा जागा टाळल्या जात असतील, मन सतत उदास असेल, तर बोधात्मक वर्तन उपचार (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारे, बोलण्यातून होणारे उपचार), औषधं किंवा दोन्ही लागतात, आणि दोन्हींचा चांगला उपयोग होतो. औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, पहिल्या आठवड्यात सोडू नका. जीव द्यावासा वाटत असेल तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि रुग्णालयात जा.

सोबत दिलेल्या छोट्या वहीत प्रत्येक अटॅकची नोंद करा: तारीख, वेळ, कुठे होतात, काय होईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, किती मिनिटं. चौथा आणि पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. अक्षराची काळजी नको, थरथरत्या हाताने लिहिलेलं आम्हाला वाचता येतं. पुढच्या भेटीला वही घेऊन या, पानं कोरी राहिली असली तरी.