डाउन्टन ॲबीच्या तळघरातला इतिहास

एप्रिल १९१२. यॉर्कशरमधल्या एका प्रचंड हवेलीत तार येते: टायटॅनिक बुडाली आणि तिच्याबरोबर घराण्याचे पुढचे दोन्ही वारसही. आयटीव्ही वाहिनीवर २६ सप्टेंबर २०१० रोजी 'डाउन्टन ॲबी' ही मालिका सुरू झाली ती इथून. सहा पर्वं आणि ५२ भागांनी, २०१५च्या नाताळला ती संपली, तेव्हा कथेतलं साल १९२५ होतं. ही तेरा वर्षं नीट पाहिली तर मालिकेत ज्याला सगळे 'परंपरा' म्हणतात, ती किती अलीकडची आणि किती टेकू लावून उभी होती हे कळतं.

पहिला टेकू कायद्याचा. हवेलीचे मालक लॉर्ड ग्रँथमना तीन मुली, तरी इस्टेट जाणार मँचेस्टरच्या एका वकिलाकडे, ज्याला घरातल्या कोणी पाहिलेलंही नाही. वाटण्या, हिस्से आणि भाऊबंदकी पाहत वाढलेल्या मराठी माणसाला हे चटकन पटत नाही. इंग्लंडमधल्या सरदार घराण्यांनी जमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून ती कागदोपत्री अशी बांधून टाकली होती की हयात असलेला उमराव जवळजवळ राखणदारच ठरे. उत्पन्न त्याचं, पण मालमत्ता अखंड पुढच्या पुरुष वारसाची. लॉर्ड ग्रँथम यांच्या अमेरिकन बायकोचा पैसाही याच बंधनात अडकला आहे, आणि थोरली मुलगी मेरी हिचा सगळा संताप त्यातून येतो.

अमेरिकन बायको का, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. १८७०च्या दशकापासून रेल्वे आणि आगबोटींमुळे अमेरिकेतला स्वस्त गहू ब्रिटनमध्ये येऊ लागला. धान्याचे भाव पडले, कुळांकडून मिळणारा जमिनीचा खंड घटला आणि जमिनीवर जगणारी घराणी कर्जात गेली. १८९४ साली सर विल्यम हारकोर्ट यांनी नवा वारसाकर आणला. तेव्हा त्याचा सर्वांत वरचा दर ८ टक्के होता, १९१९पर्यंत तो ४० टक्क्यांवर गेला. अशा वेळी अमेरिकन उद्योगपतींच्या मुली हुंड्यासह सरदारांच्या घरी येऊ लागल्या. कॉन्सुएलो व्हँडरबिल्टने १८९५ साली मार्लबरोच्या ड्यूकशी लग्न केलं, ते अगदी याच हिशेबाने.

मालिकेचं चित्रीकरण हॅम्पशरमधल्या हायक्लिअर कॅसलमध्ये झालं. त्या घराची खरी गोष्टही वेगळी नाही. तिथल्या पाचव्या अर्ल ऑफ कार्नार्व्हनने १८९५मध्येच आल्मिनाशी लग्न केलं. तिच्या पाठीशी बँकर आल्फ्रेड डी रॉथशिल्डचे पाच लाख पौंड होते. त्या काळी साधी मोलकरीण वर्षाला वीसेक पौंडांवर राबत असे, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. पहिल्या महायुद्धात आल्मिनाने घराचं रुग्णालय केलं, आणि मालिकेतही तेच घडतं. प्राचीन इजिप्तचा राजा तूतानखामेन याच्या थडग्याचा शोध याच अर्लच्या पैशातून लागला. १९२३ साली तो कैरोत वारला आणि १९२६मध्ये त्याचा इजिप्शियन संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकला गेला. ज्या इमारतीकडे पाहून अनेक शतकांचं इंग्लंड आठवतं, तिचं आजचं रूपही १८४०च्या दशकातलं आहे. संसदभवनाचा वास्तुकार चार्ल्स बॅरी याने जुन्या घराला हा नवा साज चढवला.

राजकारणही उमरावांच्या विरोधात चाललं होतं. १९०९ साली अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी जमीनदारांवर कर लावणारं अंदाजपत्रक मांडलं. एका ड्यूकला पोसायला दोन ड्रेडनॉट युद्धनौकांइतका खर्च येतो, असं त्यांनी जाहीर सभेत सुनावलं. उमरावांच्या वरिष्ठ सभागृहाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, अंदाजपत्रक फेटाळलं आणि १९११च्या कायद्याने त्यांचा कायमचा नकाराधिकारच गेला. म्हणजे मालिका सुरू होते तेव्हा वरच्या मजल्यावरची सत्ता आधीच हातची गेली होती.

खालच्या मजल्याचं काय? १९११च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये बारा लाखांहून अधिक स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या. पहाटे उठून शेगड्या साफ करायच्या, पाण्याचे हंडे जिने चढवायचे, आणि आठवड्यातून एक दुपार सुट्टी. त्याच वर्षी राष्ट्रीय विमा कायदा आला. मोलकरणीच्या पगारातून तीन पेन्स, मालकिणीकडून तीन पेन्स. एवढ्यावरून मालकिणींनी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये निषेध सभा भरवली. महायुद्धात मुली दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या, हाती स्वतःचा पगार आणि स्वतःची संध्याकाळ आली. युद्धानंतर घरकाम नाकारणाऱ्या बेकार मुलींचा सरकारी भत्ता बंद करण्यात आला. हा भाग मला विसरता येत नाही. मालिकेतली मोलकरीण ग्वेन चोरून टायपिंग शिकते. तिला प्रेमळ मालकीण मिळते, पण लाखो ग्वेनना ढकलून परत पाठवलं गेलं.

त्यानंतर हवेल्या पडू लागल्या. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने पाडलेल्या हवेल्यांचं प्रदर्शन भरवलं. शंभर वर्षांत नाहीशी झालेली हजाराहून अधिक घरं त्यात होती, आणि दालनात त्यांची नावं एकामागोमाग वाचली जात. उमरावांची घरं ही सगळ्या राष्ट्राची ठेव आहे, ही भावना तेव्हा मूळ धरू लागली. त्याच सुमारास, १९७१ ते १९७५, 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' ही मालिका गाजली. ती सुचली जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या अभिनेत्रींना. मार्शची आई घरकाम करत असे, आणि मालिकेत नोकरांना मालकांइतकीच जागा मिळाली. 'डाउन्टन'चे लेखक जूलियन फेलोज मात्र दुसऱ्या बाजूचे. २०११मध्ये ते हुजूर पक्षाचे लॉर्ड झाले. म्हणूनच त्यांच्या हवेलीत संघर्षापेक्षा आपुलकी अधिक दिसते. ते चित्र देखणं आहे, मायेने काढलेलं आहे, पण अपुरं आहे.

अपुरेपणाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. ग्रँथम कुटुंबाच्या लंडनमधल्या घराची दालनं बर्कशरमधल्या बॅसिल्डन पार्कमध्ये चित्रित झाली. ते घर अठराव्या शतकात सर फ्रान्सिस साइक्सने बांधलं, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये कमावलेल्या संपत्तीतून. २०२०मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने वसाहतवाद आणि गुलामगिरीशी संबंध असलेल्या आपल्या ९३ वास्तूंचा अहवाल काढला, तेव्हा ब्रिटनमध्ये मोठा गदारोळ झाला. झुंबराखाली बसून कोणी हा पैसा आला कुठून असं विचारलेलं अनेकांना आवडलं नाही.

हायक्लिअरला मालिकेने जगवलं. चित्रीकरणाआधी या हवेलीच्या दुरुस्तीचा अंदाज सव्वा कोटी पौंडांच्या जवळपास गेला होता. नंतर तिकीट काढून दिवाणखाना, ग्रंथालय आणि मोठा जिना पाहायला लोकांची रांग लागू लागली. मालिकेतली स्वयंपाकीण मिसेस पॅटमोर हिचं स्वयंपाकघर मात्र तिथे सापडत नाही. नोकरांचा सगळा मजला पश्चिम लंडनच्या ईलिंग स्टुडिओत उभारला होता. हायक्लिअरच्या तळघरात आता इजिप्तच्या थडग्याचं प्रदर्शन आहे.