तणनाशकांची विषाक्तता चाचणी : मृदाजीव व मधमाश्या

तणनाशक तण मारण्यासाठी असले तरी ते जमिनीतील जीवांना आणि मधमाश्यांना किती घातक आहे, हे ठरवणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचण्या. यासाठी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी) कार्यपद्धती जगभर प्रमाण मानल्या जातात. भारतात तणनाशकांची नोंदणी कीटकनाशक कायदा, १९६८ खालीच होते.

गांडुळांची मूळ चाचणी १९८४ ची. ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन माती आणि १० टक्के पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर) यांच्या कृत्रिम मातीत तणनाशक वेगवेगळ्या मात्रांत मिसळून प्रत्येक भांड्यात १० प्रौढ गांडुळे सोडतात. ती वर येऊन पळू नयेत म्हणून १४ दिवस अखंड उजेड ठेवतात. डोक्याकडच्या टोकाला हलकेच डिवचूनही हालचाल झाली नाही, तर गांडूळ मेले असे धरतात. निम्मी गांडुळे मारणारी मात्रा म्हणजे एलसी-५०. नंतर आलेली ५६ दिवसांची प्रजनन चाचणी अधिक बोलकी आहे, कारण तीत पिल्ले मोजतात. सूक्ष्मजीवांसाठी मातीतील नायट्रेटनिर्मिती २८ दिवस तपासतात.

मधमाश्यांच्या १९९८ च्या पद्धतींत कामकरी माशीला साखरेच्या पाकातून विष देतात किंवा बेशुद्ध करून तिच्या वक्षावर १ मायक्रोलिटर थेंब ठेवतात, आणि ४८ तासांत किती मेल्या ते पाहतात. निम्म्या माश्या मारणारी मात्रा (एलडी-५०) माशीमागे ११ मायक्रोग्रॅम किंवा अधिक असेल, तर अमेरिकेत ते रसायन ‘जवळपास बिनविषारी’ ठरते. ग्लायफोसेट या तणनाशकाची ही मात्रा १०० च्याही वर आहे.

मात्र माशी ४८ तास जगली एवढ्यावरून ती सुरक्षित ठरत नाही. ग्लायफोसेट वनस्पतींतील शिकिमेट मार्ग, म्हणजे काही आवश्यक अमिनो आम्ले बनवणारी रासायनिक साखळी, रोखते. प्राण्यांत तो नसतो, पण माशीच्या आतड्यातील अनेक जीवाणूंत असतो. हे जीवाणू घटून माश्या संसर्गाला लवकर बळी पडतात, असे टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले. शिवाय बाटलीत नुसते मूळ रसायन नसते. त्यातील पृष्ठसक्रियके (फवारा पानावर नीट पसरावा म्हणून घातलेली द्रव्ये) कधीकधी त्याहून घातक असतात, म्हणून तयार उत्पादनाचीही चाचणी हवीच.

चाचणीतले प्राणी कोणते, हा महाराष्ट्रासाठी कळीचा प्रश्न आहे. चाचणीतले ‘आयसेनिया फेटिडा’ हे आपल्याकडे गांडूळखताच्या बेडमध्ये पाळले जाणारे गांडूळ. ते शेणात, कुजक्या पाल्यात वाढते, शेतात खोल बिळे करणारे गांडूळ वेगळे. माशीही बहुधा पेटीत पाळली जाणारी युरोपीय मेलिफेरा असते. आपल्याकडच्या सातेरी, फुलोरी आणि आग्या माश्यांचे आकारमान वेगळे, राहणीही वेगळी. आग्या उघड्यावर एकच पोळे बांधते, पेटीत राहत नाही. त्यामुळे मेलिफेराचे आकडे तिला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

बांधावरची एकदांडी फवारणीने जळाली की माश्यांचा मकरंद आणि पराग जातो. हे नुकसान यांपैकी कोणत्याच चाचणीत मोजले जात नाही, त्यासाठी शेतातच पाहणी करावी लागते.