शेवटच्या आठवड्यांचा हिशेब

सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, अशी समजूत प्राचीन ग्रीक वैद्यकातही होती. ती साफ चूक आहे. पोटात मिळालेला एकेक आठवडा बाळाच्या पदरात काहीतरी टाकतोच. ३७ आठवडे भरण्याआधी झालेला जन्म अकाली मानतात. २०२० साली जगभरात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, म्हणजे साधारण दहातलं एक.

यातल्या लहानग्यांची पहिली अडचण श्वासाची. फुफ्फुसातले वायुकोश आतून ओले असतात आणि पाण्याच्या पृष्ठताणामुळे मिटू पाहतात. सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ साबणासारखा हा ताण सैल करतो, पण तो पुरेसा तयार व्हायला गर्भाला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. फुगा फुगवताना पहिली फुंकर जड जाते ना, तसा या बाळांना प्रत्येक श्वास जड जातो. काही तासांत ती थकतात.

सर्फॅक्टंटची ही उणीव १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिली. पण कारण कळलं म्हणून उपाय हाती आला नव्हता. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंच्या वर, तरी ३९ तासांत गेला. आज एवढ्या वजनाचं बाळ सहसा घरी जातं. गाईच्या फुफ्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट बाळांच्या श्वासनलिकेत सोडून जपानच्या फुजिवारांनी १९८० मध्ये यश मिळवलं.

दुसरा उपाय जवळजवळ वाट चुकून सापडला. न्यूझीलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांमध्ये प्रसूतीच्या कळा कशामुळे सुरू होतात ते शोधत होते. स्टेरॉइड दिल्यावर फार लवकर जन्मलेलं, खरं तर जगायलाच नको असं कोकरू श्वास घेताना दिसलं. स्टेरॉइडमुळे गर्भाची फुफ्फुसं लवकर तयार होतात, हा परिणाम १९७२ मध्ये त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी माणसांतही दाखवला. आज अकाली कळा सुरू झालेल्या आईला दिलं जाणारं इंजेक्शन ते हेच.

ऑक्सिजनची गोष्ट मात्र कडू आहे. १९४०-५० च्या दशकांत तो सढळ हाताने दिला गेला आणि सुमारे दहा हजार बाळांची दृष्टी गेली, कारण जादा ऑक्सिजनमुळे पूर्ण वाढ न झालेल्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्यांची वाढ बिघडते. मग हात आखडला, तर मृत्यू वाढले. म्हणून आता ऑक्सिजन मोजूनमापून देतात आणि डोळ्यांची तपासणी चुकवत नाहीत.

२८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांपैकी गरीब देशांत नव्वद टक्क्यांहून अधिक पहिल्या काही दिवसांतच दगावतात, तर श्रीमंत देशांत दहा टक्क्यांहून कमी. हा फरक निव्वळ महागड्या यंत्रांचा आहे असं मला वाटत नाही. कोलंबियातल्या बोगोटात १९७८ मध्ये उबदार पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टर एडगार रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. २०२१ च्या एका मोठ्या चाचणीत हे जन्मानंतर लगेच सुरू केल्यावर बाळमृत्यू चौथाईने घटले.

वाचलेल्यांपैकी काहींना पुढे सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणं), श्वसनाचे त्रास किंवा शिकण्यात अडचणी येतात. जन्म जितका आधी, तितका धोका जास्त. मात्र घाईने तुलना करू नये. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी वाढीच्या दृष्टीने ते चारच महिन्यांचं, त्यामुळे ते अजून बसत नाही यात काही विशेष नाही. ही वजाबाकी साधारण दोन वर्षांपर्यंत करतात. बहुतेक लशी मात्र जन्मतारखेनुसारच द्यायच्या असतात.