छत्रीखालचं चिलखत : बडोदा मोहिमेची पार्श्वभूमी

बडोदा मोहीम ही फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळातली (रोल-प्लेइंग गेम) कल्पित मोहीम: 1942 मध्ये बडोद्यात छत्रीधारी सैनिकांसाठी यांत्रिक चिलखत घडतं. असं चिलखत म्हटलं की नवा खेळाडू आधी विचारतो, गोळी अडेल का? बहुतेक नाही. या मोहिमेतलं चिलखत गोळी अडवण्यासाठी जन्मलेलंच नाही. ते जन्मलं ओझ्यासाठी, आणि त्याचं कारण खऱ्या इतिहासात आहे.

20 मे 1941 रोजी जर्मन छत्रीधारी क्रीटवर उतरले, तेव्हा बहुतेकांच्या अंगावर पिस्तूल आणि हातबाँब एवढंच होतं. रायफली आणि मशीनगन वेगळ्या पेट्यांतून टाकल्या जात. त्यांच्या छत्रीचा पट्टा पाठीवर एकाच जागी जोडलेला असे. माणूस पालथा लोंबकळत खाली येई, त्याला दिशा बदलता येत नसे आणि जमिनीवर पुढे कोलांटी खावी लागे. अशा अवस्थेत जड हत्यार अंगावर बाळगणं धोक्याचंच होतं. पेटी शंभर पावलांवर पडली आणि मधल्या जागेवर शत्रूचा मारा असला, की पेटी गेली. ब्रिटिशांनी पुढे पायाला सामानाची पिशवी बांधली आणि उडी मारल्यावर ती दोरीने खाली सोडायला लावली. पण जड मशीनगन तिपाईसकट एकाच माणसाने आणायची, हे कुणालाच जमलं नाही. खेळातलं चिलखत याच अडचणीवर उभं आहे.

चालायला मदत करणाऱ्या सांगाड्याची कल्पना त्याहून जुनी. रशियातल्या निकोलस यागनने 1890 मध्ये पायांना धनुष्यासारख्या स्प्रिंगा लावण्याचं अमेरिकन पेटंट मिळवलं होतं. उलट टोकाला जनरल इलेक्ट्रिकचा ‘हार्डिमन’ हा अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा आहे. 1965 ते 1971 या काळात त्यावर काम झालं. वजन सुमारे 680 किलो, आणि धड चालला तो फक्त एक हात. सगळे सांधे एकदम सुरू केले की यंत्र बेभान झटके देई. त्यामुळे आमच्या चिलखतात हातांना ताकद नाही. कंबर आणि गुडघे मिळून तेलाच्या दाबावर चालणारे चार सिलिंडर, घोट्याला यागनच्या धर्तीची स्प्रिंग, बस्स. सगळे सांधे एकमेकांशी जुळवून घेणारं नियंत्रण 1942 मध्ये होतं असं मानायचं असेल, तर मग जादूच मानावी.

बडोदाच का? संस्थानाची नॅरोगेज 1862 पासूनची. सुरुवातीला मियागाम-डभोई मार्गावर बैल गाडी ओढायचे. पुढे बडोद्यातच गोयागेटला संस्थानाच्या रेल्वेचं वर्कशॉप उभं राहिलं. सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेल्या कलाभवनातून कारागीर घडत होते. युद्धात राजघराण्याने इतका हात सैल सोडला की ब्रिटिश हवाई दलाच्या 124व्या स्क्वाड्रनच्या नावात ‘बरोडा’ आलं. शिवाय गायकवाडांच्या कडी प्रांताकडे एरंड पिकतो. तो पुढे कामाला येणार आहे. ऑक्टोबर 1941 मध्ये दिल्लीत 50वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली, त्याच वर्षी कानपूरला पॅराशूटचा कारखाना निघाला. इथवर सगळं खरं. खेळाचा फाटा 1942 मध्ये फुटतो: सांगाड्याचे सिलिंडर घडवण्याचं काम गोयागेटला मिळतं.

आता वजन. ब्रिटिश छत्री 28 फुटी. तिच्याखाली माणूस आणि सामान मिळून 110 किलो धरले, तर वेग सेकंदाला साधारण 6 मीटर, म्हणजे 1.8 मीटर उंचीवरून उडी मारल्यासारखा. त्याच छत्रीला 220 किलो लावले की वेग 8.5 होतो आणि तीच उडी 3.7 मीटरची. म्हणून छत्री 40 फुटी हवी. 220 किलोंची वाटणी अशी: माणूस 75, चिलखत 90, ओझं 55. चिलखताच्या 90 पैकी इंजिन, पंप आणि पेट्रोल 25, सिलिंडर-नळ्या-तेल 30, सांगाडा 20. पत्र्याला उरले 15. तेवढ्यात छाती आणि मांड्यांपुढे 4 मिलिमीटर पोलाद बसतं. त्याने बाँबच्या किरचा अडतात, .303 ची गोळी आरपार जाते. पण 55 किलोंत विकर्स मशीनगन (15), तिपाई (22), 250 गोळ्यांची पेटी (10) आणि नळी थंड ठेवायचं 4 लिटर पाणी हे सगळं एका माणसासोबत उतरतं. सौदा एवढाच आहे.

इंजिन मात्र उसनं आहे. छत्रीधाऱ्यांसाठी खरोखर बनलेल्या ‘वेलबाइक’ या घडीच्या मोटरसायकलला व्हिलियर्सचं 98 सीसी टू-स्ट्रोक इंजिन होतं, ताकद दीड अश्वशक्ती. पंप आणि नळ्यांतली गळती वजा जाता 650 वॉट पायांपर्यंत पोचतात असं धरलं, तर हा डोलारा सेकंदाला 30 सेंटिमीटर वर चढतो. म्हणजे जिना चढता येतो, जिन्यावरून धावता येत नाही. दोन लिटरची दाबाची टाकी भरलेली असेल तर एक-दोन उड्या मिळतात, मग पुन्हा दाब चढेपर्यंत थांबा. तीन लिटर पेट्रोल पूर्ण ताकदीवर सुमारे तीन तास. आवाज फटफटीचा, तेव्हा रात्री चोरपावलांनी जाण्याचा विचार सोडा.

विमानात इंजिन सुरू ठेवता येत नाही: धूर कोंडतो, आगीचा धोका असतो, शिवाय छत्री उघडतानाच्या हिसक्याने कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरून जातं. त्यामुळे माणूस मेलेल्या यंत्रात जमिनीवर येतो. नेहमीची आडवी लोळण पाठीवरच्या इंजिनामुळे घेता येत नाही. म्हणून गुडघ्याचा सिलिंडरच धक्का खातो, विमानाच्या चाकांवरच्या तेलाच्या दट्ट्यासारखा. 40 सेंटिमीटरमध्ये वेग शून्यावर आला तर धक्का साडेचार जीच्या, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या साडेचार पटीच्या आसपास राहतो. त्या सिलिंडरच्या तेलाची झडप पूर्ण बंद राहिली की पाय ताठ आणि खुबा मोडतो. पूर्ण उघडी राहिली की माणूस खाली बसतो आणि 90 किलो अंगावर. उडीपूर्व तपासणीत झडपेचा खटका पाहणं यासाठीच आहे. तो फासा गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, माफ करू नये.

उतरल्यावरचा क्रम मोडू नका. आधी छत्री सोडवा, 40 फुटी कापड वाऱ्यात फरफटवत नेतं. मग झडप ‘चाल’ खुणेवर. वेलबाइकप्रमाणेच पेट्रोलची टाकी कार्ब्युरेटरच्या खाली असल्याने हातपंपाने तिच्यात हवा भरा. मग दोरी ओढा आणि दाबाचा काटा चढेपर्यंत पडून राहा. काटा अर्ध्यावर असताना उठायला गेलेला खेळाडू एका पायावर उठतो.

डकोटा हे वाहतुकीचं विमान साधारण 2,700 किलो उचलतं. छत्रीसह एक चिलखत 240 किलोंचं, म्हणजे 20 जणांच्या जागी 11. दरवाज्याशी दोघं उभे राहिले तरी शेपूट जड होते. ताशी 100 मैलांवर साधे सैनिक सेकंदाला एक निघाले तर 20 जण सुमारे 850 मीटरवर पसरतात. चिलखतवाले तीन सेकंदांना एक निघतात, त्यामुळे 11 जणच 1,350 मीटरवर. ताकद वाढते, तुकडी विस्कटते. 1 मे 1945 ला रंगूनजवळ एलिफंट पॉइंटवर गुरखा छत्रीधारी खरोखर उतरले होते, ती लढाई खेळवताना पाऊस आणि चिखल धरा: साध्या बुटावर 220 किलो भातखाचरात घोट्यापर्यंत नव्हे, पोटरीपर्यंत जातात. रुंद तळवे जोडायचे तर प्रत्येक पायाला दोन किलो, ते ओझ्यातून वजा.

बिघाडांत सगळ्यात वाईट बिघाड तेलाचा. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश हायड्रॉलिकमध्ये (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांत) एरंडेलावर आधारलेलं तेल आणि नैसर्गिक रबराची सील असत. बडोद्याचं चिलखतही तसंच, एरंडेल घरचंच. त्यात विमानाचं खनिज तेल ओतलं तर रबर फुगतं. गुडघा आधी जड होतो, मग अडकतो, आणि तेल बदलून भागत नाही. सगळी सील काढून, नळ्या धुऊन नवी बसवावी लागतात. थंडीच्या पहाटे एरंडेल घट्ट होतं ही तक्रार वेगळी, त्यावर उपाय स्पिरिट मिसळण्याचा. स्पिरिट फार झालं तर तापल्यावर वाफ धरते आणि पाय स्पंजासारखा दबतो.

मोहिमेचा दुसरा भाग 11 डिसेंबर 1971 चा, बांगलादेश युद्धातल्या टांगाइलच्या छत्री-उडीचा. तिथे उतरलेली 2 पॅरा ही भारतीय छत्रीधारी बटालियन मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. खेळात तोवर नव्या चिलखतांना नायट्राइल या कृत्रिम रबराची सील आणि खनिज तेल आलेलं आहे, पण गोदामात गोयागेटची जुनी चिलखतं उरलेली आहेत आणि तेलाचे डबे एकाच आकाराचे. कुठला डबा कुठल्या विमानात चढला, ते गेम मास्टरने उडीआधीच टिपून ठेवावं.