लष्करी नोंदणी आणि वाहनचालक परवाना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक प्रशासकीय पद्धत. वाहन चालवण्याचा परवाना (लायसन), त्याचे नूतनीकरण किंवा राज्याचे ओळखपत्र यांसाठी तरुण पुरुषाने केलेला अर्जच ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस सिस्टिम’ या संघीय यंत्रणेकडील नोंदणीस पुरेसा धरला जातो. ही यंत्रणा संभाव्य सक्तीच्या सैन्यभरतीसाठी १८ ते २५ वयाच्या पुरुषांची यादी ठेवते. नोंदणी म्हणजे भरती नव्हे. सक्तीची भरती १९७३ मध्ये संपली.

१९७५ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी नोंदणीही स्थगित केली. सोव्हिएट फौजा अफगाणिस्तानात शिरल्यानंतर १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी ती पुन्हा सुरू केली. नोंदणी टाळणे हा गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रत्यक्षात १९८० च्या दशकात सुमारे वीस जणांवरच खटले झाले आणि १९८६ नंतर एकही नाही. खटल्यांच्या जोडीला सवलतींची अटही पुढे आली. १९८२ मध्ये संघीय शैक्षणिक साहाय्य आणि १९८५ मध्ये संघीय नोकरी नोंदणीशी बांधली गेली. परवान्याची अट याच मालिकेतली, पण परवाने देणे राज्यांच्या अखत्यारीत असल्याने तिचे कायदे राज्यागणिक झाले. शैक्षणिक साहाय्याची अट २०२० च्या कायद्याने काढून टाकल्यावर परवान्याचे महत्त्व वाढले.

पद्धतीचा आरंभ कोठे मानावा, हे परवाना व नोंदणी यांची ‘संलग्नता’ कशाला म्हणायचे यावर ठरते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातच यंत्रणा राज्यांकडून परवानाधारकांच्या याद्या मिळवून नोंदणी न केलेल्यांचा शोध घेत असे. याद्यांची ही ओढ कोठवर गेली होती याचे उदाहरण १९८४ चे : एका आइस्क्रीम दुकानसाखळीने मुलांच्या वाढदिवसांसाठी ठेवलेली यादी यंत्रणेने मिळवली आणि मुलांनी गमतीने लिहिलेल्या एका काल्पनिक नावालाही नोंदणीचे स्मरणपत्र गेले. टीका झाल्यावर ती यादी वापरातून काढावी लागली. यादी जुळवण्यापासून इतिहास मोजला, तर आरंभ या काळात जातो. मात्र तेव्हा अर्जदाराला काही विचारले जात नव्हते. त्याची माहिती त्याच्यामागे तपासली जात होती. अर्जातच संमती घेणारे राज्य-कायदे सुमारे २००० पासून दिसतात व त्यांत डेलावेअरला सामान्यतः अग्रमान देतात. या नोंदीतील अर्थाने आरंभ तेथूनच धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पुढे बहुसंख्य राज्यांनी असे कायदे केले, पण त्यांचे स्वरूप एक नाही. काही राज्यांत अर्ज सादर करणे हीच संमती. काहींत नोंदणीचा पर्याय अर्जदाराने स्वतः निवडायचा असतो. नाव, जन्मतारीख, पत्ता व सामाजिक सुरक्षा क्रमांक संगणकाद्वारे यंत्रणेकडे जातात. पहिल्या प्रकारातील ‘संमती’ हा शब्द तपासून घ्यावा लागतो. जिथे बस-रेल्वे विरळ आणि कामधंदा मोटारीवर अवलंबून, तिथे परवाना नाकारला जाण्याची पाळी म्हणजे रोजगार गमावण्याची पाळी. विवेकबुद्धीने युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर व मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांच्या परंपरेतील तरुणांपुढे हा पेच अधिक तीव्र असतो, कारण असा विरोध नोंदवण्याची सोय नोंदणीच्या वेळी नसते. समर्थकांचे म्हणणे असे, की केवळ माहिती नसल्याने राहून जाणाऱ्या मुलांचे पुढचे नुकसान यामुळे टळते. तेही खोटे नाही.

यादीच्या उपयुक्ततेबद्दल गंभीर शंका आहे. पत्ता बदलल्यास दहा दिवसांत कळवणे बंधनकारक असले, तरी ते क्वचितच पाळले जाते. यंत्रणेचे माजी संचालक बर्नार्ड रॉस्टकर यांनी २०१९ मध्ये लष्करी, राष्ट्रीय व सार्वजनिक सेवेविषयीच्या राष्ट्रीय आयोगापुढे ही यादी निरुपयोगीहूनही वाईट ठरवली. डिसेंबर २०२५ च्या संरक्षण कायद्यात संघीय नोंदींवरून आपोआप नोंदणी करण्याची तरतूद झाल्याने परवान्याचा मार्ग यापुढे दुय्यम ठरण्याचा संभव आहे.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांशी या विषयाचा थेट संबंध येतो. एच-४ (नोकरीसाठी आलेल्यांच्या कुटुंबीयांचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर वैध वास्तव्य असणाऱ्या तरुणावर नोंदणीचे बंधन नाही. २६ वर्षे पूर्ण होण्याआधी ग्रीन कार्ड मिळाले, की ते लागू होते. अमेरिकेत जन्मून पुण्यात वाढलेला अमेरिकी नागरिक मुलगाही त्यातून सुटत नाही, आणि त्याच्याजवळ तिथला परवाना नसल्याने त्याची नोंदणी या वाटेने होत नाही. वयाच्या २६ ते ३१ या काळात नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्याला, नोंदणी राहिली असल्यास, ती जाणूनबुजून टाळली नव्हती हे पटवून द्यावे लागते. सव्विसाव्या वाढदिवसानंतर नोंदणी स्वीकारली जात नाही.